न सापडलेली कुरकुर

रुचा वऱ्हाडपांडेला अमेरिकेत पहिलं काम मिळालं ते कान लावून बसण्याचं.

नागपूरहून मेकॅनिकलची डिग्री घेऊन ती डेट्रॉइटला एम.एस. करायला आली होती. शेवटच्या सेमिस्टरला, म्हणजे २००७च्या सप्टेंबरात, जवळच्याच ट्रॉय गावातल्या एका डॅशबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत तिला सोळा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. पुढच्या वर्षी बाजारात यायच्या एका गाडीच्या डॅशबोर्डमधून खराब रस्त्यावर बारीकसा आवाज येत होता. तो नेमका कुठून येतो ते शोधायचं, एवढंच काम. गाडी एका बंद खोलीत चार हलत्या खांबांवर उभी असायची, खांब तिला खड्ड्यातल्यासारखे गचके द्यायचे, आणि रुचा डॉक्टरकडे असतो तसला स्टेथोस्कोप लावून पुढच्या सीटसमोरच्या पाय ठेवायच्या जागेत वाकडीतिकडी होऊन पडलेली असायची.

पहिल्याच दिवशी तिच्या बॉसनं, टॉडनं, आवाजांचे तीन प्रकार सांगितले. घासल्याचा, सुटं असल्याचा आणि थरथरल्याचा. रुचाला तीन फारच कमी वाटले. इतक्या वेगवेगळ्या आवाजांना तीनच नावं म्हणजे गावातल्या सगळ्यांना बबन म्हटल्यासारखंच. म्हणून तिनं स्वतःच्या वहीत आपली यादी केली. कुरकुर म्हणजे दोन प्लास्टिकं हळू घासतात. करकर म्हणजे तीच, पण घट्ट दाबलेली. खुळखुळ म्हणजे आत काहीतरी लहान सुटं आहे. खडखड म्हणजे सुटं आणि मोठं. किणकिण पत्र्याची, फुरफुर वाऱ्याची, आणि कचकच म्हणजे कुणीतरी स्क्रू धड पिळलेला नाही. यादी सतरा शब्दांवर गेली. ती शोधत होती ती चोख कुरकुर होती, याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. फक्त ती कुठून येते हे कळत नव्हतं. सहा आठवडे झाले होते आणि एकतीस जागा तपासून झाल्या होत्या. कुरकुर तिथे नव्हती.

रुचा राहायची देवस्थळींच्या घरी. मोरेश्वरकाका आणि मालिनीकाकू मूळचे पुण्याचे, ट्रॉयला येऊन तीस वर्षं झालेली. मुलगी नेत्रा जर्सी सिटीला नोकरीला गेल्यापासून तिची वरची खोली रिकामी होती, ती त्यांनी रुचाला दिली होती. काका एका मोठ्या मोटार कंपनीत गाड्यांच्या सांगाड्यांचं काम करायचे. त्या वसंतात कंपनीनं त्यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी 'स्वेच्छेनं' घरी बसवलं. पहिले दोन महिने त्यांनी लॉन कापलं. तिसऱ्या महिन्यात ते काकूंच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावायला लागले, आणि काकूंनी जाहीर केलं, "अहो, आता तुम्ही नोकरी शोधा."

त्यामुळे ऑक्टोबरात त्या घरी डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसं बायोडेटा लिहीत बसलेली असायची. काकांचा बायोडेटा अकरा पानी होता. रुचाचा पाऊण पानी, आणि तोही टाइप मोठा करून.

"काका, माझ्याकडे लिहायलाच काही नाही हो," रुचा म्हणाली. "एकच काम, आणि तेही अर्धवट."

"काय लिहिलंयस?"

"डॅशबोर्डमधील आवाजाचा उगम शोधण्याचे काम चालू."

"मग बरोबर आहे की. चालूच आहे ना?"

त्या दिवशी नेत्राचा फोन आला तेव्हा काकूंनी तो स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. नेत्रा जर्सी सिटीहून रोज मॅनहॅटनला एका बँकेत जायची आणि तिथे वर्षाकाठी शे-दोनशे बायोडेटे चाळायची.

"बाबा, नोबडी रीड्स इलेव्हन पेजेस," ती म्हणाली. "अँड रुचा, 'चालू' इज अ डेड वर्ड. सेंड मी बोथ. आय विल फिक्स इट."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या मेलमध्ये दुरुस्त केलेले बायोडेटे येऊन पडले होते. काकांचा दोन पानांचा झाला होता. रुचाच्या त्या एका ओळीचं असं झालं होतं की, तिनं डॅशबोर्डमधील आवाजाचा उगम शोधून तो यशस्वीरीत्या दूर केला.

"काका, मी काही दूर केला नाही!"

"माझं बघ," काका चष्मा कपाळावर सारून म्हणाले. "'नव्या गाडीचा संपूर्ण सांगाडा साकार केला.' साकार कसला! ती गाडी बाजारात यायच्या आधी चौदा महिने कंपनीनं बंद केली. एक नमुना गोदामात ताडपत्रीखाली उभा असेल, नाहीतर भंगारात गेला असेल. चार वर्षं काम केलं मी तिच्यावर."

"मग बदलायचं का?"

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "वाचायला मात्र छान वाटतंय," ते म्हणाले.

रुचालाही छान वाटत होतं. तिनं ती ओळ तीनदा वाचली. शोधून. दूर केला. यशस्वीरीत्या. आणखी दहा आठवडे होतेच की, तोवर सापडेलच; फक्त आधी लिहून ठेवलं, एवढाच काय तो फरक. तिनं तोच बायोडेटा चार ठिकाणी पाठवला.

पाचव्या दिवशी लिव्होनियातल्या एका कंपनीतून फोन आला. ही कंपनी गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या आणि कुलपं बनवायची. ग्रेग नावाच्या इंजिनिअरला तिच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं होतं. लंच ब्रेकमध्ये रुचा पार्किंग लॉटमध्ये आपल्या जुन्या गाडीत काचा वर करून बसली. ग्रेगनं शिक्षण विचारलं, विषय विचारले, सगळं सुरळीत चाललं होतं.

मग तो म्हणाला, "तो डॅशबोर्डचा आवाज. मला उत्सुकता आहे. शेवटी काय निघालं?"

अजून काही निघालं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या आरशात तिला आपले केस दिसले आणि केसांत लावलेली क्लिप दिसली.

"क्लिप," ती म्हणाली.

"अच्छा! मेटलची की प्लास्टिकची?"

"प्लास्टिकची."

"मग काय केलंत?"

"फेल्ट लावलं. म्हणजे क्लिप जिथे टेकते तिथे फेल्टच्या मऊ कापडाची बारीक पट्टी."

"आणि?"

"आणि... शांतता," रुचा म्हणाली.

"वा!" ग्रेग मनापासून म्हणाला. "इतका साधा उपाय! मला असली माणसं आवडतात."

पुढच्या गुरुवारी प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावणं आलं, ग्रेगच्या विभागाच्या प्रमुख डोरीन कोवाल्स्की यांच्याकडे. फोन ठेवल्यावर रुचाला आधी आनंद झाला आणि मग आपण काय सांगून बसलो ते आठवलं.

त्यावर तिनं जो उपाय काढला तो तिच्यातल्या इंजिनिअरला शोभणारा होता. आपण बोललो ते खोटं आहे, हे बदलता येत नव्हतं. पण डॅशबोर्ड बदलता येत होता. कुरकुर खरोखरच क्लिपमधून येत असली तर प्रश्नच मिटला! शिवाय क्लिपा अजून तपासायच्या राहिल्याच होत्या. सोमवारी ती सकाळी सातला लॅबमध्ये हजर झाली. डॅशबोर्ड धरून ठेवायला त्याच्या कडेला चौदा क्लिपा होत्या. तिनं एकेक काढली, एकेकीला फेल्ट लावलं, परत बसवली, खांब चालू केले, कान लावला. सोमवारी आठ झाल्या, मंगळवारी सहा. मनातल्या मनात ती म्हणत होती, निघ गं, क्लिपच निघ.

"क्लिपांवर एवढा जीव का?" टॉडनं दारातून डोकावून विचारलं.

"सहज, अंदाज," रुचा म्हणाली.

चौदाही क्लिपा फेल्टात गुंडाळल्या गेल्या. तिनं खांब चालू केले. कुरकुर होतीच. उलट क्लिपांचा बारीक कटकटाट बंद पडल्यामुळे आता ती आणखी स्वच्छ, एखादा मूळचाच सुरेल गळा लागावा तशी ऐकू येत होती.

टॉड खूश झाला. "चौदा जागा एका फटक्यात बाद! उत्तम काम," तो म्हणाला आणि गेला. रुचा स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून तिथेच मांडी घालून बसली.

बुधवारी संध्याकाळी काकांनी तिच्या मुलाखतीची तालीम घ्यायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी टाय बांधला. काकू स्वयंपाकघरात साबुदाणा वडे तळत होत्या आणि दोघांचं सगळं ऐकत होत्या.

"तर मिस वऱ्हाडपांडे," काका खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "तुम्ही तो आवाज दूर केलात, असं इथे म्हटलंय. कसा केलात?"

रुचा बायोडेट्याचा कोपरा दुमडायला लागली.

"मिस वऱ्हाडपांडे?"

"काका, मी क्लिप म्हणून सांगून बसलेय!" असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. आरसा, केसांतली क्लिप, फेल्ट, शांतता, चौदा क्लिपा. सांगताना तिला रडू यायला लागलं होतं. पण काकांचा चेहरा लाल होत होता आणि ते हसू दाबतायत हे लक्षात आल्यावर तिचं रडू राहून गेलं.

"हसू नका ना!"

"नाही गं. पण केसांतली क्लिप?" काकांनी टाय सैल केला आणि मोकळेपणानं हसून घेतलं. मग म्हणाले, "मी तरी काय वेगळं केलं? परवा माझी मुलाखत झाली ना, त्यांनी विचारलं, ही गाडी कुठे बघायला मिळेल? मी म्हणालो, मार्केट कंडिशन्समुळे ती लाँच झाली नाही. पुढचा प्रश्न."

काकू झारा हातात घेऊन बाहेर आल्या. "एवढंच सांगितलंत?"

"मग आणखी काय सांगणार?"

"चार वर्षं या टेबलावर मी त्या गाडीशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. तिच्या छताला पेलणाऱ्या मागच्या खांबाचा कोन तुम्ही सहा वेळा बदललात. नेत्राच्या ग्रॅज्युएशनला फोटो काढायचे सोडून तुम्ही पार्किंगमधल्या गाड्यांखाली वाकून बघत होतात. गाडी बंद झाली त्या दिवशी जेवला नाहीत. आणि तिथे जाऊन पुढचा प्रश्न?"

काकांनी सैल केलेला टाय पुरता सोडला.

"आणि तू गं," काकू रुचाकडे वळल्या. "एकतीस आणि चौदा किती झाले?"

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस जागा तू बघितल्यास. त्या माणसाला तू एकच जागा सांगितलीस, आणि ती नेमकी खोटी. उरलेल्या चव्वेचाळीस का नाही सांगितल्यास?" एवढं बोलून त्या वडे करपतायत म्हणून पळाल्या.

मुलाखतीची तालीम तिथेच संपली. वडे खाताना काकांनी रुचाला एवढंच विचारलं, "मग उद्या काय सांगणार आहेस?" आणि रुचा म्हणाली, "बघू. कदाचित मला दारातूनच परत पाठवतील."

लिव्होनियाला ती वीस मिनिटं आधी पोचली. डोरीन कोवाल्स्की पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर दाराचं एक कुलूप उघडं करून ठेवलं होतं आणि त्याशेजारी अर्धा खाल्लेला डोनट होता. रुचाचा बायोडेटा समोर होता आणि त्याच्या समासात ग्रेगच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"बस," डोरीन म्हणाल्या. "तर, क्लिप."

"क्लिप नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती कुरकु... तो आवाज कुठून येतो ते मला अजून सापडलेलं नाही. बायोडेट्यात लिहिलंय तेही खरं नाही. मी मिस्टर ग्रेगना फोनवर जे सांगितलं ते सगळं मनानं रचून सांगितलं. आय अ‍ॅम सॉरी."

डोरीननी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे बघितलं. "किती वेळ खोटं बोलत होतीस?"

"साधारण एक मिनिट. पण मग दोन दिवस ते खरं करायच्या खटपटीत गेले."

"खरं कसं करतात?"

रुचानं चौदा क्लिपांची हकीकत सांगितली. सातव्या क्लिपला डोरीननी चष्मा काढला, आणि चौदाव्या क्लिपनंतरही कुरकुर तशीच होती हे ऐकल्यावर डोळे पुसले. त्या हसत होत्या, पण लगेच गंभीरही झाल्या.

"हे बघ, मला हे आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे दारांची कुलपं बनतात. चालत्या गाडीचं दार उघडलं तर माणूस बाहेर पडतो. चाचणी झाली नसेल तर झाली नाही, असंच मला कळलं पाहिजे. कळलं?"

"हो."

"बरं. मग आता जे सापडलं नाही त्याबद्दल सांग. गाडी कोणती?"

"ते सांगता येणार नाही. ती अजून बाजारात आलेली नाही."

"ठीक. गाडी सोडून सांग."

रुचा पहिल्यांदा अडखळत, मग भराभर बोलायला लागली. पंचेचाळीस जागा कशा बाद केल्या. एखाद्या जागी हात दाबून धरला की आवाज थांबतो, पण म्हणून तो तिथूनच येतो असं नाही, हे कसं चौथ्या आठवड्यात लक्षात आलं. आवाज सकाळी कमी आणि दुपारी जास्त असतो, म्हणजे गरम झालेलं प्लास्टिक फुगत असावं. बोलताना तिच्या तोंडून परत कुरकुर हा शब्द निसटला.

"हा कोणता शब्द?"

"मराठी आहे. आमच्याकडे आवाजांना बरेच शब्द आहेत." तिनं घरी एका कागदावर उतरवून आणलेली सतरा शब्दांची यादी पर्समधून काढली. डोरीननी ती हातात घेतली आणि प्रत्येक शब्द म्हणायला लावला. करकर आणि खडखड यांतला फरक त्यांना टेबलावरच्या कुलपानं करून दाखवावा लागला.

"कुरकुर या शब्दाचा आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे," रुचा म्हणाली. "एखादा माणूस कामाबद्दल सारखी बारीक तक्रार करत राहतो, ती पण कुरकुर."

"असे माझ्याकडे सहा जण आहेत," डोरीन म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, ड्रॉवरमधून किल्ल्या काढल्या आणि उठल्या. "चल. अकरा वाजता माझी मीटिंग आहे. आपल्याकडे पस्तीस मिनिटं आहेत."

खाली पार्किंगमध्ये डोरीनची करड्या रंगाची मिनिव्हॅन उभी होती. दोन हिवाळे तिच्यातून आवाज येत होता. दुरुस्तीच्या दुकानात तीनदा नेली. तिथे गेली की मुकी व्हायची.

"मी स्वतः अठ्ठावीस वर्षं दारांचे आवाज ऐकतेय, आणि मला माझ्याच गाडीतला सापडत नाही. कुणाला सांगायची सोय नाही," डोरीन म्हणाल्या. "जा मागे."

मुलाखतीसाठी इस्त्री केलेल्या कोटासकट रुचा मिनिव्हॅनच्या अगदी मागच्या भागात आडवी झाली. डोरीननी गाडी काढली आणि जवळच्या रेल्वे क्रॉसिंगकडे नेली. रुळांवरून गाडी गेली तशी रुचा ओरडली, "खुळखुळ!"

"काय?"

"खुळखुळ! आत काहीतरी लहान सुटं आहे. प्लास्टिकच्या मागे. परत एकदा!"

डोरीननी गाडी वळवली. त्या रुळांवरून त्यांनी सात वेळा गाडी नेली. क्रॉसिंगपाशी टपालाची गाडी घेऊन थांबलेला पोस्टमन पाचव्या खेपेपासून हात करायला लागला. रुचा कधी उजवीकडे कान लावत होती, कधी डावीकडे, एकदा तिचं डोकं जॅकवर आपटलं. डोरीन पुढून विचारत होत्या, "खुलखुल?" आणि रुचा मागून उत्तर देत होती, "खुळखुळ, पण आता जास्त डावीकडे!"

मागच्या डाव्या दिव्यापासून चाकाच्या कमानीपर्यंत, हातभर लांबीच्या पट्ट्यात तो आवाज होता. इथपर्यंत त्या पोचल्या. तिथलं प्लास्टिक उघडायला लागणारं हत्यार गाडीत नव्हतं आणि अकराला सहा मिनिटं कमी होती.

"आता तुझ्याकडे दोन अर्धवट कामं झाली," डोरीन गाडी बंद करत म्हणाल्या. रुचाच्या कोटाला धूळ, पाइनची सुकी पानं आणि कुठल्याशा कुत्र्याचे केस लागले होते. ते तिनं झटकले, पण कुत्र्याचे केस काही गेले नाहीत.

"आणखी एक," लिफ्टमध्ये डोरीन म्हणाल्या. "ग्रेग माझ्या शेजारच्या खोलीत बसतो. त्याला तू सांगायचंस. मी नाही."

याची रुचाला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. ग्रेग उंच, गुलाबी चेहऱ्याचा, तिच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठा माणूस होता. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की ती क्लिपची गोष्ट खरी नव्हती.

ग्रेगचा चेहरा पडला. "पण मी ती सगळ्यांना सांगितली," तो म्हणाला.

"सॉरी."

"नाही, तसं नाही. आम्ही काम करतोय त्या एका गाडीच्या मागच्या दारातून चार महिने आवाज येत होता. तुझ्याशी बोलल्यावर मी म्हटलं, आपणही क्लिपांना फेल्ट लावून बघू या."

"मग?"

ग्रेगनं आधी दाराकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "आवाज गेला."

यावर रुचा म्हणाली, "अभिनंदन," आणि ग्रेग म्हणाला, "थँक यू," आणि ती घरी आली.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि मग कोटाकडे बघून, "हे काय झालं?"

रुचानं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण काका मधेच आले आणि त्यांना पहिल्यापासून ऐकायचं होतं. मिनिव्हॅनच्या भागाशी काकांनी कागद घेऊन आतल्या पत्र्याची आकृती काढली आणि तिथे काय सुटं असू शकेल याच्या नऊ शक्यता लिहिल्या. मग त्यांनी स्वतःचा बायोडेटा उघडला आणि 'साकार केला' ही ओळ खोडली. तिच्या जागी त्यांनी लिहिलं, 'चार वर्षे काम. गाडी बाजारात आली नाही. तपशील विचारल्यास सांगेन.'

दुर्दैवानं पुढच्याच मुलाखतीत एका माणसानं तपशील विचारला. काका दोन तास दहा मिनिटं बोलले. समोरच्या तिघांचं जेवण राहिलं. नोकरी मिळाली नाही, पण काका शीळ घालत घरी आले. "काम काय होतं ते विचारायचंच राहून गेलं," ते म्हणाले. पुढे त्या तिघांपैकी एकानं फोन केला. त्याची बायको कम्युनिटी कॉलेजात होती, आणि तिथे ड्रॉइंग शिकवायला माणूस हवा होता. काका मार्चपासून आठवड्यातून तीन दिवस तिथे जायला लागले. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना त्यांनी मागच्या खांबाचा कोन काढायला लावला.

रुचाला तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग डोरीनचं पत्र आलं. जाहिरातीतली जागा दोन वर्षांचा पूर्ण अनुभव असलेल्या माणसाला मिळाली होती. पण डोरीनना त्यांच्या आवाजाच्या विभागात एक नवशिकी जागा काढता आली होती, जानेवारीपासून, पहिले सहा महिने बघून मग पुढचं. अट एकच होती. इंटर्नशिप पूर्ण करायची, आणि टॉडकडून पत्र आणायचं, की हिनं काय केलं आणि काय झालं नाही.

इंटर्नशिप पूर्ण झाली, पण काम पूर्ण झालंच नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडीच्या कंपनीनं कळवलं, की समोरचं घड्याळ पाहणीतल्या गिऱ्हाइकांना आवडलेलं नाही, म्हणून डॅशबोर्डचा मधला भाग बदलतोय. नवा भाग आला, बसवला, खांब चालू केले. गाडी गप्प! टॉडनं कान लावला, रुचानं लावला, सगळ्या लॅबनं लावला. कुरकुर गेली होती, आणि ती कुठून येत होती हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. लॅबमध्ये त्या दिवशी केक आणला. रुचानं एक तुकडा खाल्ला, पण तिचा जीव कुठेतरी हळहळत होता.

"मी पत्रात काय लिहू?" टॉडनं विचारलं.

"झालं ते."

टॉडनं लिहिलं, की हिनं बावन्न जागा तपासल्या, प्रत्येकीची नोंद ठेवली, उगम सापडला नाही. आवाज गेला, पण तो हिनं घालवला नाही. खाली सही केली. डोरीननी ते पत्र वाचून लगेच फाइलला लावलं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी रुचा कामावर रुजू झाली. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिनं आईला फोन केला.

"पर्मनंट आहे ना?" आईनं नागपूरहून विचारलं.

"नाही गं. सहा महिने बघणार, मग ठरवणार."

"म्हणजे अजून पक्कं नाही?"

"नाही."

"मग मी कॉलनीत सांगू की नको?"

"सांग ना."

"काय सांगू पण?"

"नोकरी लागली, सहा महिने बघणार आहेत, असं सांग."

मग आई म्हणाली, "एवढं लांबलचक कोण ऐकणार, रुचा? मी आपली सांगते, दारांच्या कंपनीत इंजिनिअर झाली," आणि फोन ठेवायच्या आधीच तिनं शेजारच्या प्रतिमाकाकूंना हाक मारलेली रुचाला ऐकू आली.